सासऱ्यांची चड्डी

सूनबाईस आशीर्वाद,

जन्मात रुमालसुद्धा न धुतलेले तुझे सासरे स्वतःची चड्डी धुवायला लागले, तेव्हाच मला संशय आला. विचारलं तर म्हणाले, "तुझे हात दुखतात ना!" एवढं प्रेम? मी मोरीचं दार अडवलं. मग कबुली दिली. लघवीच्या जागेची पुढची कातडी लाल होऊन खाजत होती, आणि महाराज महिनाभर ती कपड्यांच्या साबणाने घासत होते! आता सुजून मागे सरेना, लघवीला आग.

तेल कुठलं लावू, विचारायला तुला फोन केला. तू म्हणालीस, "आई, तेल नको, साबण नको. लाज सोडा, आजच दवाखान्यात न्या. आणि शुगर तपासा."

"दुखणं कुठं, शुगर कुठं!" म्हणत मी फोन आपटला. पण नेलं. शुगर तीनशेच्या वर निघाली. डॉक्टरीण म्हणाली, "साखर वाढली की तिथे बुरशी धरते. लघवी अडायच्या आत आलात."

मलमाने आणि शुगरच्या गोळ्यांनी आठवड्यात आराम पडला.

लग्नात तुला दीडशहाणी म्हटलं होतं, ते शब्द गिळते. माझा माणूस तू राखलास. पत्र मात्र पोस्टात टाकणार नाही, डोक्यावर बसशील.

चड्डी अजून तेच धुतात. ती सवय मी मोडू दिलेली नाही.

तुझी खाष्ट सासू, तुझ्या पोरांची आजी