दोनदा बोटाने, एकदा दांड्याने

रविवार, १२ ऑक्टोबर
दुपारचे तीन

धाकट्यास,

आशीर्वाद. थोरल्याने पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायचा असतो, म्हणून लिहिला. त्याचा जास्त अर्थ काढू नकोस. माझी तब्येत बरी आहे. तुझी विचारत नाही.

सकाळपासून कानात एक आवाज घुमतोय. आप्पा नव्या गिलाव्याला कान लावून उभे आहेत आणि मधल्या बोटाच्या पेराने भिंत वाजवतायत. टक, टक. मग थापीचा लाकडी दांडा. ठक. दोनदा बोटाने, एकदा दांड्याने. भरीव भिंत कोरडी, ठाम बोलायची. आतून सुटलेली असली की डब्ब वाजायचं आणि आप्पा म्हणायचे, "ही खोटं बोलतेय. पाडा." मी वाळूच्या ढिगावर बसून कविता पाठ करायचो, आणि त्या ठोक्यांवर माझ्या ओळी आपोआप तालात पडायच्या. नदीवरची ती लांबलचक कविता मला अजून एक शब्द न चुकता येते. तू त्याच वाळूची घमेली वाहायचास. पण ते असो. गोड आठवणी काढायला मी हे पत्र लिहीत नाहीये.

तुला कोणी विचारलं होतं?

बारकीला चार पानं खरडून पाठवायचं तुला नडलं होतं काय? माझी मुलगी सत्तेचाळीस वर्षांची आहे. दिवसभर प्रयोगशाळेत उभी राहून दुसऱ्यांचं रक्त तपासते. एकटी आहे, पुढे पेन्शन नाही. म्हणून या वयात तिने पहिल्यांदाच हिंमत केली. दोन खोल्यांचा फ्लॅट घ्यायचा, भाड्याने द्यायचा आणि म्हातारपणी कोणाच्या तोंडाकडे बघायचं नाही. वीस वर्षांत साठवलेलं सगळं त्यात जाणार आहे. सगळं म्हणजे सगळं.

ही बातमी फुटली मात्र, सल्ल्यांना ऊत आला. न्हावी म्हणतो, दुकानाचा गाळा घ्या, दुकानदार नळ गळतो म्हणून रडत येत नाही. समोरचे बँकवाले जिन्यात अडवून व्याजाचे दर ऐकवतात. दंतवैद्याने तर तिच्या तोंडात दोन्ही हात घालून सांगितलं की फ्लॅट नको, जमीन घ्या. बिचारी "आँ" म्हणाली, तर त्याला तो होकार वाटला. तिने सगळ्यांचं हसत ऐकलं आणि सोडून दिलं.

त्यात तुझं पत्र आलं. "बेडरूमची मागची भिंत बघ. तिथे कपाट उगीच उभं केलेलं नाही. गेल्या वर्षी वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघराचं काम मीच केलं, तेव्हाच दिसलं. पाणी कधीचं मुरतंय, आतल्या सळ्या गंजल्यात. रंगावर जाऊ नकोस. सोडून दे." अक्षर अजून तेच, कोंबडी चालून गेल्यासारखं. आणि थाट तर काय! "रंगावर जाऊ नकोस" म्हणे!

पंधरा दिवस तिचं हो-नाही, हो-नाही चाललं होतं. ओट्यापाशी उभ्या उभ्या तिने तुझं पत्र वाचलं आणि खदखदून हसली.

"काका नको म्हणतोय? मग ठरलं, बाबा. घ्यायचा."

"अगं, जरा विचार कर."

"केला की! काकाने नको म्हटलं म्हणून आपण एक घर सोडलं, आणि आई जन्मभर भाड्याच्या खोलीत राहिली. आई काय सांगायची? तुझा काका डावीकडे म्हणाला, की डोळे मिटून उजवीकडे वळायचं."

लगेच दलालाला फोन. आज पाच वाजता तो इसाराचा चेक न्यायला येतोय.

बघ आपला पराक्रम! तू गप्प बसला असतास, तर तिने कंटाळून नाद सोडला असता. तुझा सल्ला म्हणजे या घरात उलटं टांगलेलं घड्याळ. हे तुला ठाऊक होतं. तरी लिहिलंस. तुझी खोडच ती, न बोलावता यायचं आणि न विचारता बोलायचं.

चार वाजून गेले. मध्ये चहा झाला. बारकीने कपाटातून चेकबुक काढून टेबलावर ठेवलंय.

काल मी ते घर बघून आलो. हे तुला कळवायचं नव्हतं, पण आता लिहितोच. दलाल मला बाल्कनीत उभं करून वारा दाखवत होता, आणि मीही बावळटासारखा त्या वाऱ्यात कविता शोधत राहिलो. मग तो फोनवर बोलायला बाहेर गेला. मी कपाटामागे हात घातला. दोनदा बोटाने, एकदा किल्ल्यांच्या जुडग्याने.

डब्ब.

आणखी खाली वाजवलं. डब्ब. पार खिडकीपर्यंत.

"आजोबा, काय ऐकताय?" दलाल मागे येऊन उभा.

"माझे वडील," मी म्हणालो. त्याने मला जिना उतरताना कोपराला धरून खाली आणलं. बहुधा म्हाताऱ्याला भ्रम झाला असं वाटलं असेल त्याला.

म्हणजे तू म्हणतोस ते बरोबर आहे. घे, लिहून दिलं. आणि ते लिहिताना मला तुझा जास्तच राग येतोय.

घरी आल्यावर बारकीने विचारलं, "कसं वाटलं, बाबा?" मी म्हणालो, "वारा छान आहे."

कारण भिंतीचं सांगायचं तर तुझं खरं होतं असं म्हणावं लागतं. ती विचारणार, "काकाचं कधी खरं होतं का?" आणि मग मला शाळेमागच्या त्या घराचं सांगावं लागतं.

अठ्ठावीस वर्षं झाली. मी शेहेचाळीसचा होतो. ते घर बघायला तू न बोलावता माझ्यामागे आलास. एकूण एक भिंत वाजवलीस. मी शेजारीच उभा होतो, मलाही ऐकू येत होतं. एकही भिंत खोटं बोलली नाही. तू म्हणालास, "दादा, डोळे मिटून घे. असं बांधकाम पुन्हा मिळायचं नाही." आणि मला दरदरून घाम फुटला. मास्तराच्या पगारातून निवृत्तीपर्यंत हप्ते! कवितेतलं घर कितीही खोल्यांचं असतं तरी मला झेपलं असतं, पण खऱ्या घराच्या कागदावर सही करायला माझा हात उठेना. घरी आलो. तुझ्या वहिनीने विचारलं, "काय ठरलं?" मी म्हणालो, "धाकट्याने भिंती वाजवल्या. पोकळ आहेत म्हणाला."

बस, एवढंच बोललो.

वर्षभरात त्या घराचा भाव दुप्पट झाला, आणि तू दारात आल्या आल्या ती तुला काय काय बोलली! तू माझ्याकडे बघितलंस. तुझ्या कोपरांवर सिमेंट वाळलेलं होतं. मी भिंतीवरचं कॅलेंडर बघत राहिलो. तू म्हणालास, "चुकलं माझं, वहिनी," आणि चपला घालून निघून गेलास.

का म्हणालास तसं? मी मागितलं होतं का? तू भांडला असतास, तर मला तिथल्या तिथे खरं बोलावं लागलं असतं. तू मोठा झालास आणि मला आयुष्यभरासाठी लहान करून गेलास. तुझा तो चांगुलपणा अठ्ठावीस वर्षं मी मानेवर वागवतोय. ती गेली त्या दिवशीही तू फाटकाशी उभा राहिलास, आत पाऊल टाकलं नाहीस. तुला नावं ठेवतच ती गेली. तिला आता मी काय सांगू आणि कुठे?

पाचला सात कमी आहेत. बारकी टेबलाशी बसलीय. तारीख लिहून झाली, आता नाव लिहितेय. मी इथून नुसती हाक मारली तरी पुरे. पन्नास-पन्नास पोरांच्या वर्गापुढे मी तीस वर्षं कविता म्हटल्या, कधी घसा बसला नाही. आज एका मुलीपुढे दोन वाक्यं निघत नाहीत.

दार वाजलं.

घंटी नाही वाजली. दलाल तर घंटीवरचं बोट काढत नाही. हे कोणीतरी चौकट वाजवतंय. टक, टक.

ठक.

छत्रीचा दांडा असावा.

"बाबा, दलाल आला वाटतं. उघडते."

"तू बस. पेन खाली ठेव. मी उघडतो," असं तिला सांगून एवढ्या चार ओळी घाईने लिहितोय. पत्र आता पोस्टात जात नाही. तू उंबऱ्यावर उभा राहा. मी हे तिच्यादेखत, पहिल्या ओळीपासून, मोठ्याने वाचणार आहे. मध्ये बोलायचं नाही. आणि या खेपेला "चुकलं माझं" म्हणालास, तर गाठ माझ्याशी आहे.

तुझ्यावर अजून रागावलेला, आणि खोटं बोललेला,

दादा