काकड्यासाठी बॅटरी

आश्विन वद्य १२, शके १८७६
आज पहाटे काकड्याला निघालो आणि वडाळे तळ्याकाठच्या चिंचेपासून परत आलो. वाटेवर लांबलचक काहीतरी पडले होते. भ्यालो नाही. विचार केला, आणि विचार करायला घर बरे.
यंदा कार्तिक पौर्णिमेपर्यंत विठोबाला उठवायची भूपाळी भजनी मंडळाने माझ्याकडे दिली आहे. एवढा मान या घराण्यात कुणाला मिळाला नव्हता. भूपाळी म्हणणाराच साप चावून गेला तर देवाला उठवणार कोण?
उजाडल्यावर पाहिले, बैलाचा कासरा. पण कासरा निघाला हा योगायोग.
ठराव: बॅटरी घेणे. तोवर मंडळातल्या दयारामने म्हणावे.

वद्य १४
राफेलच्या दुकानी गेलो. दोन सेलची, तीन सेलची, पाच सेलची. त्याने विचारले, जायचे कुठे? म्हटले, प्रश्न अंतराचा नाही, गरज ओळखण्याचा आहे. तो म्हणाला, "देवळापर्यंतच ना काका? मग दोन सेलची न्या." विचार करतो म्हटले. त्यावर म्हणतो, करा, पण बटण सारखे दाबू नका, मसाला संपतो.

पाडवा
विचार चालू. दोन सेलच्या उजेडात साप दिसेल तो चावल्यावर. तीन सेलची धड ना इकडची, ना तिकडची.
भामा म्हणते, घरात कंदील आहे, मी येते सोबत. तिला समजावले की कंदिलाचा उजेड पायापुरता पडतो. तर म्हणाली, "अहो, साप चावतो कुठं? पायालाच ना?"
बायकांना फोकस समजत नाही.

कार्तिक शुद्ध ५
पाच सेलची घेतली. घरात लावून पाहिली. आढ्यावरची सगळी जळमटे दिसली. भामाने केरसुणी माझ्या हातात दिली. क्वालिटी उत्तम.

शुद्ध ७
पहाटे निघालो. फोकस थेट तळ्यापलीकडे गेला. तिथे चारपाच माणसे होती. उजेड पडताच पळाली. एक चिखलात पडला. चोरच असणार. पनवेलवर आपले उपकार झाले, असे वाटत देवळात पोचलो, तर पखवाज नाही, टाळ नाहीत. तळ्यापलीकडून येणारा पखवाजी तुळशीराम आणि त्याचे टाळकरी यांची वाट पाहण्यात उजाडले. शेवटी दयारामने टाळ्या वाजवून देवाला उठवले.
दुपारी तुळशीराम आला, कमरेपर्यंत चिखल. "तुमी व्हय बुवा! आमाला वाटला, दारूबंदीवालं आलं. येवढी ब्याटरी फौजदाराकडंच आसते." म्हटले, तू तर माळकरी, तू का पळालास? तर म्हणाला, "आमी नाय त्यातलं. पण आमच्या गावाला बत्ती बगून पलायची सवयच हाय."
मंडळाचा निरोप: बुवांनी यावे, बॅटरीने येऊ नये.

शुद्ध ९
बॅटरीला रुमाल गुंडाळून निघालो. चिंचेपाशी विझली. परत आलो. दोष सेलचा.

एकादशी
गेलो नाही. अंथरुणातून दयारामची भूपाळी ऐकली. स्वर उतरलेला. देव अर्धवट झोपेतच राहत असणार. उपास कडक केला. दिवसभर मन लागले नाही. तेवढ्याने भूपाळी भरून निघत नाही, हे आतून कळत होते.

पौर्णिमा
आज काकड्याची समाप्ती. भामाने न विचारता कंदील पेटवला आणि पुढे झाली. बाहेर टिपूर चांदणे. तळे, वाट, सगळे पांढरे. चार पावलांवर तिने कंदील फुंकला. रॉकेल फुकट कशाला, म्हणाली.
चिंचेपाशी पुन्हा तेच लांबलचक. भामाने उचलले, वेटोळे केले आणि चिंचेच्या फांदीला अडकवले. म्हणाली, ज्याचा कासरा तो नेईल.
देवळात तुळशीरामने आधी माझे हात तपासले. "नाय ना आनली?" मग पखवाजावर थाप दिली. दयाराम बाजूला सरकला. मी डोळे मिटून भूपाळी म्हटली. देव उठला असावा.
वाटेत चिंचेपासून देवळापर्यंत भामाचा पदर धरला होता. तिला भीती वाटू नये म्हणून.