कायमचा पत्ता

प्रिय आई,

साष्टांग नमस्कार. आधीच सांगते, डोळ्याला पदर लावायचा नाही.

इथे कायमचं राहण्याच्या परवानगीचा अर्ज आज दिला. "कायमचं म्हणजे गेलीसच म्हण ना," असं म्हणून तू फोन बाबांच्या हातात दिलास, म्हणून लिहून कळवते.

काउंटरवरच्या बाईंनी फॉर्म वाचला आणि चष्मा कपाळावर चढवला. 'कायमचा पत्ता' या रकान्यात मी आपल्या घराचा पत्ता लिहिला होता! शाळेपासून प्रत्येक फॉर्मवर तोच लिहीत आले, हात आपोआप चालला. "तुम्हाला नक्की राहायचंय कुठे?" बाईंनी विचारलं. मी ओशाळून रकान्यावर तळहात ठेवला. त्या हसल्या आणि कोरा फॉर्म दिला.

सहा महिन्यांत कळेल. आमचे साहेब म्हणतात, होणारच, कवळ्या बनवण्यात माझा हात धरणारं इथे कोणी नाही. तू मात्र शेजारीपाजारी सांगत सुटू नकोस.

जास्त दिवस या देशाबाहेर राहिले तर अर्जच करता येणार नाही, या धास्तीने तीन वर्षं आले नाही. परवानगी मिळाली की चांगली दोन महिने येऊन राहीन. बाबांची कवळी अजून टोचते का? ते सांगायचे नाहीत, तूच बघ. आले की घासून देईन.

चुकलेला फॉर्म मला फाडवेना. हे पत्र त्याच्याच पाठीवर लिहिलंय. उलटून बघ, पत्ता खोडलेला नाही.

तुझी,
कवळीवाली