दोन सीटांच्या गाडीवरचा ऑन

बाबा,

तुमची गाडी आली. लाल आहे, दोन सीटांची आहे, छत मागे पडतं. अंगणात घ्यावी म्हटलं तर गेटच्या उतारावर तिचं पोट घासतं, म्हणून बाहेर रस्त्यावरच उभी आहे आणि गल्लीतली माणसं वाकून वाकून तिच्यात पाहतात. आईला एकदा तिच्यात बसवायचं आणि ढाणकीला तिच्या माहेरी फिरवून आणायचं, एवढ्या एका गोष्टीसाठी मी ती घेतली. ती बसली की नाही ते सांगते, पण माझ्या पद्धतीनं सांगू द्या. मधेच ‘मुद्द्याचं बोल’ म्हणून थांबवू नका. जिवंतपणी तुम्ही माझं एक म्हणणं पूर्ण ऐकून घेतलं नाही, आता तरी घ्या.

तुम्हाला त्या गाडीचं वेड कुठून लागलं, हे मला अजून कळलेलं नाही. यवतमाळच्या जिल्हा न्यायालयात वकिली करणारा, उभा जन्म एका स्कूटरवर काढलेला माणूस साठीच्या तोंडावर पेपरातली जाहिरात कापतो आणि स्वयंपाकघरात येऊन बायकोच्या पोळपाटाशेजारी ठेवतो. मला ते अजून दिसतं. आईच्या हाताला कणीक लागलेली आहे, म्हणून ती कागदाला हात न लावता नुसती मान तिरपी करून पाहते. ‘दोनच सीटा?’ विचारते. तुम्ही म्हणता, ‘पोरगी बँकेत लागली. आपल्या दोघांले चार सीटा कायले पाह्यजे?’ घरात तुम्ही असंच बोलायचात, कोर्टातली भाषा कोर्टात ठेवून यायचात. आई लाजलीच होती थोडी. ‘मंग ढाणकीले नेसान मले याच्यात?’ आणि तुम्ही म्हणालात, ‘भर बजारातून नेतो.’ तिच्या भावांनी लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला तुमच्या स्कूटरवरून केलेली थट्टा ती विसरली नव्हती, हे मला त्या दिवशी कळलं. पोळी तव्यावर करपली आणि ती चक्क हसत होती.

ती गाडी एका लहानशा कारखान्यात हातानं बनायची, महिन्याला मोजक्याच, आणि अख्ख्या विदर्भाला नागपूरचा एकच डीलर. तुम्ही बुकिंग केलं. नंबर लागल्याचा फोन आला तेव्हा दसरा तोंडावर होता. आईनं नारळ, हळदकुंकू आणि चाकाखाली ठेवायला लिंबं एका पिशवीत बांधून दिली आणि आपण दोघं एसटीनं नागपूरला गेलो. आपल्याकडे गाडी दसऱ्यालाच दारात लागते, आणि नेमकं तेच त्या डीलरला माहीत होतं. काचेच्या केबिनमध्ये बसवून, थंड पाणी पाजून त्यानं सांगितलं की गाडीवर ऑन चालू आहे. म्हणजे छापील किमतीच्या वरचे पैसे, रोख, हातात, आणि त्यांची पावती नाही. शिवाय सीटकव्हर, टेप आणि पिवळे दिवे असं पॅकेज घ्यावंच लागेल. ‘हे तर लिंकिंग झालं!’ तुम्ही एवढ्या मोठ्यानं म्हणालात की बाहेरचा वॉचमन आत डोकावला. ‘बियाण्याच्या थैलीसंगं खताचं पोतं गळ्यात मारते न दुकानदार, तसं.’ डीलर आपला हसतोय. ‘सर, शौक की चीज है, थोडा तो ऊपर लगेंगाच.’ तुम्ही छापील किमतीचा ड्राफ्ट टेबलावर ठेवला आणि म्हणालात, ‘याच्यात द्याची असंल तर द्या.’ मग थांबा पुढच्या लॉटसाठी, तो म्हणाला. गाडी काचेपलीकडे उभी होती. तुम्ही तिला हातसुद्धा लावला नाही.

‘देऊन टाका न बाबा,’ मी हळूच म्हटलं होतं. पैसे तुमच्याजवळ होते. तुम्ही बोललात ते बसस्टँडवर, भर गर्दीत. ‘उद्या ग्राहक मंचात कोणत्या तोंडानं उभा राहू? त्या बियाणेवाल्या दुकानदाराचा वकील इचारंल मले, साहेब, तुमच्या गाडीची पावती दाखवता काय? लाज नाही वाटत तुले, बापाले असं शिकवते?’ दोन बाया वळून पाहत होत्या. मी तिशीतली, नोकरी करणारी बाई, आणि मला तिथे रडू फुटलं. मग तुम्ही जाऊन आईसाठी संत्र्याची बर्फी आणलीत. गाडी आणायला गेलेला नवरा बर्फीचा डबा घेऊन घरी आला. आईनं पिशवीतला नारळ देवघरात ठेवला, लिंबं फ्रिजमध्ये ठेवली, बर्फीचा पहिला तुकडा तुमच्या हातावर ठेवला आणि काही विचारलं नाही. तिचं ते न विचारणं मला तेव्हा फार मोठेपणाचं वाटलं होतं.

तुमचं चुकलं असं म्हणायची सोय नव्हती, कारण ती वर्षंच तशी होती. कापसाला भाव नाही, आणि बियाण्याचं जे वाण सगळ्यांना हवं ते नेमकं दुकानांतून गायब. आर्णीला जा, उमरखेडला जा, तेच. छापील किमतीत मागितलं तर ‘माल नाही’, वर दिले की मागच्या खोलीतून थैली निघायची. असल्या तक्रारी तुम्ही फुकट लढवायचात. त्याच वर्षी पेरणीच्या तोंडावर फुलसावंगीचा तो उंच माणूस आला होता, आठवतो? पायरीवर चपला काढून, खुर्चीच्या टोकावर बसलेला. त्याला तर पैसे द्यायचेच होते. ‘वकीलसाहेब, पाणी पडलं. वावर वापशावर आलं. मी वरचे देतो, मले थैली घेऊ द्या. पेरणी काई थांबत नाही.’ तुम्ही त्याला म्हणालात, ‘तू देले की तो उद्या आणखी वर मांगंल. थांब. साक्षीले तूच पाह्यजे मले.’ तो थांबला, बाबा. तुमच्या शब्दावर थांबला. मग उशिरा, मिळेल ते बियाणं पेरलं, आणि बोंडं भरायच्या वेळेला पाऊस गेला. केस तुम्ही जिंकलात. दुकानदारानं दंड भरला आणि पुढच्या हंगामात लोकांकडूनच वसूल केला. निकाल ऐकायला फुलसावंगीचा माणूस आलाच नाही. वावर मक्त्यानं देऊन तो बायकापोरांसकट वीटभट्टीवर निघून गेला होता. रात्री जेवताना ‘आपण जिंकलो’ एवढं तुम्ही म्हणालात आणि अर्ध्या ताटावरून उठलात. मागे आईनं तुमचं ताट झाकून ठेवलं.

आणि तुमची गाडी कोणी नेली? ज्याच्यावर ही तक्रार चालू होती, त्याच कृषी केंद्रवाल्याच्या पोरानं. ऑन देऊन, पॅकेज घेऊन, त्याच दसऱ्याला. झेंडूच्या माळा घालून ती दत्त चौकातून निघाली तेव्हा अर्धं यवतमाळ पाहायला उभं होतं. पुढे रोज संध्याकाळी तो छत पाडून, गाणी लावून आर्णी रोडनं जायचा. आवाज आला की आई हातातलं काम टाकून गॅलरीत जायची. ‘चांगली पळते वं,’ मला म्हणायची, आणि तुम्ही आतल्या खोलीत फाईल उघडून बसलेले असायचात. तुम्हाला ऐकू जायचं, मला माहीत आहे, कारण पान उलटल्याचा आवाज यायचा नाही. डीलर ‘पुढच्या लॉटला नक्की’ म्हणत राहिला आणि एक दिवस कारखानाच बंद पडला. त्यानंतरच्या उन्हाळ्यात तुम्ही कोर्टाच्या पायऱ्यांवर कोसळलात. यवतमाळचा मे महिना, अंगात काळा कोट, गळ्याशी लावलेलं बटण. कोट काढला असता तर काय बिघडलं असतं? मला अजून राग येतो. लोक म्हणाले, तत्त्वाचा माणूस गेला. मी सगळ्यांना चहा देत फिरत होते.

नंतरचं तुम्हाला माहीत नाही. आम्ही दोघी राहिलो, वर्षांमागून वर्षं गेली. मागच्या श्रावणात आई स्वयंपाकघरात खाली बसून अंबाडीची भाजी निवडत होती आणि पानं खुडता खुडता म्हणाली, ‘ढाणकीले त्या गाडीत जाचं राह्यलंच, बाई.’ एवढंच. तुम्ही गेल्यापासून तिनं स्वतःसाठी मागितलेली ही पहिली गोष्ट, आणि तीही मागणं म्हणून नाही. माझ्या डोक्यात मात्र तेच घुसून बसलं. शोधता शोधता नागपूरला जुन्या गाड्यांच्या एका डीलरकडे तीच गाडी निघाली. रंग उडालेला, मागच्या पत्र्याला तडा, पत्रा कसला, फायबरच ते. आणि भाव? नवी होती तेव्हा जेवढ्याला होती त्याच्या कितीतरी वर. ‘ताई, या आता बनत नाहीत. हौशी लोक मुंबईहून फोन करून राह्यले.’ त्यातही कागदावर अर्धीच रक्कम दाखवायची, बाकी रोख. बाप्पा! भंगारात जायच्या गाडीवरही ऑन! मी पर्स उचलली आणि उठून आले, अगदी तुमच्यासारखी. वर्ध्यापर्यंत बसमध्ये ताठ बसून होते. वर्धा सोडलं आणि स्वतःचाच राग यायला लागला.

तरी मी हट्ट सोडला नाही. त्याला फोन करायचा, पूर्ण पावती देतो का विचारायचं, त्यानं नाही म्हणायचं, मी फोन आपटायचा. दिवाळी अशीच गेली. थंडीत आई न्हाणीत घसरून पडली. मोडलं काही नाही, पण चालायला वॉकर आला आणि ती खाली बसायची बंद झाली. तेव्हा मी रजा टाकली, नागपूरला गेले, त्यानं मागितले तेवढे दिले आणि पावतीचं नावसुद्धा काढलं नाही. मेकॅनिक नेऊन इंजिन दाखवलं, टायर पाहिले, बँकेच्या सवयीनं कागद पुन्हा पुन्हा वाचले. सीट जमिनीपासून किती वर आहे, ते तेवढं पाहिलं नाही. कोण पाहतं?

काल सकाळी गाडी दारात आली. आईनं भाचीच्या लग्नातली साडी नेसली आणि छत उघडं राहणार म्हणून डोक्याला रुमाल बांधला. वॉकर टेकत टेकत गेटपर्यंत आली. मी दार उघडलं आणि त्याच क्षणी मला कळलं, बाबा. सीट अशी खाली, जवळजवळ रस्त्याला टेकलेली. तिनं दाराला धरलं, मी तिला काखेत धरलं, आणि अर्ध्यावर गुडघ्यानं साफ नकार दिला. ‘माय वं!’ ती ओरडली. पुन्हा केलं, पुन्हा तेच. शेजारच्या काकू धावत जाऊन पाट घेऊन आल्या, तो कशाला ते त्यांचं त्यांनाही माहीत नव्हतं. कोणी म्हणे पाठमोरी बसवा, कोणी म्हणे दोघातिघांनी उचला. आई घामाघूम झाली. ‘राहू दे आता,’ म्हणाली. मी गल्लीभर लोकांसमोर हात टेकून उभी.

ती बॉनेटला धरून दम घेत होती. मग विचारलं, ‘वर काई देले का?’

‘नाही,’ मी म्हटलं. ‘एक रुपया नाही.’ तुमचं नाव राखायला खोटं बोलले.

तिनं गाडीवरून एकदा हात फिरवला आणि म्हणाली, ‘तवाच देऊन टाकाचे होते त्यायनं. तवा माहे गुडघे चांगले होते.’

रागानं नाही म्हणाली. भाजी महाग झाली हे सांगावं तितक्या साध्या आवाजात म्हणाली, आणि वॉकर वळवून घरात गेली. रुमाल सोडला, साडी बदलली, कुकर लावायला सांगितला. आज मी त्या डीलरला फोन केला, गाडी परत घेतो का विचारायला. तो म्हणतो, ‘ताई, या मॉडेलले आता कोणी इचारत नाही.’

हे पत्र टाकायचं कुठे? तुम्ही असतात तरी दिलं नसतं. आईचं ते बोलणं तुमच्या कानावर जाऊ नये, एवढी काळजी मला अजून आहे तुमची. पण एक गोष्ट इथेच लिहून ठेवते. ती तसं म्हणाली तेव्हा मला वाईट वाटायला पाहिजे होतं. नाही वाटलं. तुम्हाला चूक म्हणणारी या घरात मी एकटीच आहे, असं मी इतकी वर्षं धरून बसले होते. काल मला बरं वाटलं, बाबा.