तिसऱ्या चढाईचा रकाना

नांदेड,
१२ डिसेंबर २०२५

प्रिय वैजूदादा,

आधी जे घडलं ते, क्रमाने.

१. ५ तारखेला तू फोन केलास. हंगामातल्या नऊ सामन्यांची कामगिरी एका पानात मागितलीस.
२. सगळं एका पानात बसेना. तू म्हणालास, शेवटचा रकाना काढ. मी काढला.
३. ७ तारखेला ते पान तू ईश्वरप्पा सरांना दिलंस. सर जिल्ह्याच्या निवड समितीवर आहेत, आणि आपल्या कबड्डी संघातून एकच चढाईपटू घेणार होते.
४. १० तारखेला यादी लागली. तुझं नाव आहे. रविकांतचं नाही. कारण दिलंय: चढाईत ३४ वेळा बाद.
५. त्या पानाखाली गुणलेखक म्हणून माझी सही आहे.

फोन केला नाही, कारण तू स्पीकर लावतोस आणि मैदानावरची सगळी पोरं ऐकतात. हे फक्त तुझ्यासाठी आहे. आईला सांग, धपाट्यांचा डबा पोचला, चटणी या वेळी तिखट झाली होती, तरी संपली. बाकीचं पत्र तिला वाचून दाखवू नकोस.

एक गोष्ट आत्ताच लिहून ठेवते, नाहीतर तू तीच काढशील. रविकांत मला आवडत नाही. सरावाला उशिरा येतो. पकड चुकली की आपल्याच गड्याला चारचौघांत बोलतो. मी वही घेऊन बसले की म्हणतो, "मॅडम, माझंच नाव लिहून राहिल्या तुम्ही, शाई पुरंल ना?" आपल्या निलंग्यात त्याच्यावरून दोन तट आहेत, हे मलाही माहीत आहे. बसस्टँडसमोरच्या चहाच्या गाड्यावर अर्धे म्हणतात, ह्यो नसता तर आपण पहिल्या फेरीतच घरी आलो असतो. उरलेले म्हणतात, दर सामन्यात चार-चार वेळा मरणारा गडी कशाला पाहिजे. दोन्हीकडचे ओरडतात. मोजत कोणी नाही. मोजलं मी आहे.

मी काढला तो रकाना तिसऱ्या चढाईचा होता. नियम तुला सांगायला नको, पण तू तो विसरल्यासारखा वागलास म्हणून लिहिते. संघाच्या सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणायचा, नाहीतर बाद. रिकाम्या हाताने परत यायची सोय तिथे नाही. रविकांतच्या हंगामात ११८ चढाया. त्यातल्या ६१ तिसऱ्या. या ६१ मध्ये २९ वेळा तो गुण घेऊन आला, ३२ वेळा पकडला गेला. उरलेल्या ५७ साध्या चढायांत तो फक्त दोनदा बाद झाला आहे. दोनदा, दादा.

तुझ्या ९० चढाया. २७ यशस्वी, ५७ रिकाम्या, सहा वेळा बाद. पान स्वच्छ दिसतं. तिसऱ्या चढाया किती? दोन. दोन्हींत पकडला गेलास, दोन्ही सप्टेंबरमध्ये. त्यानंतर एकही नाही. कोणाला कधी पाठवायचं, हे कप्तान ठरवतो, आणि कप्तान तू आहेस. तू रिकामा जायचास, परत यायचास, आणि तिसरीला त्याच्याकडे बोट करायचास. मग तो किती वेळा मेला, ते माझ्याकडून मोजून घेतलंस.

आमच्या वीज उपकेंद्रात एखादा ब्रेकर वारंवार ट्रिप झाला म्हणून तो खराब, असं लिहिणाऱ्याला साहेब उभं करतात. तो कोणत्या लाईनवर बसवलाय, ते आधी विचारतात. मी हे रोज करते. तरी तुझ्या एका फोनवर रकाना काढला. पान मोठं होत होतं हे खरं आहे. अक्षर बारीक केलं असतं तर मावलं असतं, हेही खरं आहे. तो राग माझ्यावर आहे, तुझ्यावरचा वेगळा.

रविकांत माजलाय, असं तू म्हणतोस. गेल्या वर्षी उदगीरला तू पंचाच्या अंगावर धावून गेलास, तेव्हा बाबा ओसरीवर बसून कौतुकाने म्हणाले, पोरात रग हाय. रविकांत नुसतं हसून बोलला तर त्याच ओसरीवर त्याला माज म्हणतात. कोणाच्या पोराला कोणता शब्द लागतो, हे आपल्या गावात कोणाला शिकवावं लागत नाही. मीही तिथेच बसले होते आणि गप्प होते.

तुला नेमकं काय लागलं, तेही मला ठाऊक आहे. नोव्हेंबरात उपांत्य सामन्यात तू चौथ्यांदा रिकामा परत आलास, आणि तो तुझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "कप्तानसाहेब, आलात फिरून? बसा, च्या घ्या. आता मी मरून येतो." सगळे हसले. मीही हसले. तू माझ्याकडे पाहिलंस ते मला दिसलं. त्या चढाईत त्याने दोन गुण आणले आणि आपण एका गुणाने जिंकलो. वहीत आहे.

काल त्याचा फोन आला. भांडेल असं वाटलं होतं. राज्य स्पर्धेचं प्रमाणपत्र मिळालं असतं तर त्याला पोलीस भरतीत खेळाडूंच्या जागेवर अर्ज करता आला असता. तो एवढंच म्हणाला, "मॅडम, पान तुम्ही बनवलं म्हणं. मग बरोबरच असंल. तुमचं चुकत न्हाई." त्यानेच फोन ठेवला.

सोबत पूर्ण तक्ता आहे, सहाही रकाने. खाली माझी सही केली आहे, शेजारी कप्तानाच्या सहीची जागा कोरी आहे. १८ तारखेपर्यंत दुरुस्ती घेतात. मी एकटीने पाठवलं तर सर म्हणतील, घरातलं भांडण आहे, आणि कागद बाजूला ठेवतील. तुझी सही असेल तर यादी बदलेल आणि तुझं नाव जाईल. दोन्ही शक्यता मी तपासल्या आहेत. मी दहा वर्षांची असताना तू मला चुन्याच्या रेषेबाहेर वही देऊन बसवलंस आणि बजावलंस, सुकू, माझा गुण नसंल तर माझ्या नावावर मांडू नको. आणि मला इंजिनिअरिंगला नांदेडला पाठवायचा विषय आईने बाबांपुढे दोनदा काढला, दोनदा तशीच स्वयंपाकघरात परत आली. तिसऱ्यांदा तू गेलास. बाबा तीन महिने तुझ्याशी बोलले नाहीत, आणि लातूरच्या कॉलेजातलं तुझं नाव काढून त्यांनी तुला शेतावर ठेवलं. त्याबद्दल तू मला कधी एक शब्द ऐकवला नाहीस. तो वैजूदादा मला माहीत आहे, म्हणून हे पाकीट सरांकडे न जाता आधी तुझ्याकडे आलं आहे. सही करणार की नाही, ते मंगळवारी, १६ तारखेपर्यंत कळव.

तुझीच,
सुकू