घरात माणसं राहतात याचा पुरावा

ती. सौ. आईंच्या चरणी जावयाचा नमस्कार.

(आई म्हणजे तुम्हीच, सासूबाई. माझ्या आईला वेगळं पत्र लिहिलं आहे आणि त्यात यातलं अवाक्षरही नाही, तेव्हा विहिणी-विहिणी बोलायला बसाल तेव्हा जरा जपून.) इकडे सगळं क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून तसं समजावं. बाबांचा गुडघा काय म्हणतो? त्यांना म्हणावं, जिना चढू नका आणि चढलात तर निदान आईंना सांगू नका. तुमचं पित्त कसं आहे? जागरणं करू नयेत असं मी तुम्हाला सांगणं म्हणजे लहान तोंडी मोठा घास, पण सांगतो. हे सगळं फोनवर विचारता आलं असतं. पण आमचं घर दोन खोल्यांचं, फोन तुमच्या कन्येच्या हातात आणि विषयही तुमची कन्याच. म्हणून जुन्या काळासारखा कागद घेऊन बसलो आहे.

तर झालं असं, की आमचा इथं राहायचा परवाना संपत आला. तो दर थोड्या वर्षांनी वाढवून घ्यावा लागतो. आपण परक्या मुलखातली माणसं, त्यामुळे 'अजून आहात का, आणि का आहात' हे ते मधूनमधून विचारणारच. (भाड्याच्या घरात मालक नळ बघायच्या निमित्तानं डोकावून जातो, तसंच.) या खेपेला कचेरीनं नवीन काढलं. काही लोक म्हणे पत्ता एकीकडचा देतात आणि राहतात भलतीकडेच, म्हणून एक तपासनीस बाई प्रत्यक्ष घरी येऊन कुटुंब खरंच तिथं राहतं का ते पाहणार. तसा निरोप आला आणि तो मी जेवताना मोठ्यानं वाचून दाखवला. तिथंच चुकलो. मी वाचलं, 'तपासणीसाठी बाई येणार.' तुमच्या कन्येनं त्यातलं एवढंच धरलं, की कुणीतरी घर बघायला येणार. तिनं हातातला घास खाली ठेवला आणि छताकडे बघितलं. छतावर एक जाळं होतं.

आता पुढचं लिहिताना एक स्पष्ट करतो. तुमच्या मुलीत काडीची खोट नाही. जे झालं ते तुमच्या संस्कारांनी झालं, आणि संस्कारांना नावं ठेवण्याइतका मी मोठा नाही. पाहुणा दाराशी आला की घरात कालचं काही दिसता कामा नये, हे तुमचं व्रत मी पहिल्या भेटीतच अनुभवलं आहे. लग्न ठरवायला तुमच्याकडे आलो, तेव्हा घाबरून मी तोंडात पेपरमिंटची गोळी टाकली होती. तिचा कागद टाकायला तुमच्या त्या घरात जागा सापडेना. केराची टोपली नाही, रद्दी नाही, खुर्चीखाली सरकवावा तर खुर्चीखालीही लख्ख! शेवटी तो कागद मुठीत धरूनच मी होकार दिला. (बाबांना वाटलं, मुलगा निश्चयी आहे.)

तर दोन दिवस आमच्या घरी युद्ध चाललं. दांडीवरचे कपडे उतरले. चपला दिवाणात गेल्या. तुमच्या नातीची खेळणी, माझी पान्ह्यांची पेटी आणि मळकी डांगरी दिवाणात गेली. (मी दिवसभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करतो, म्हणजे अंगाला ग्रीस असायचंच, पण ते दिसायचं नाही.) दात घासायचे ब्रश 'बरे दिसत नाहीत' म्हणून पिशवीत आणि पिशवी अर्थातच दिवाणात. फ्रिज धुऊन रिकामा केला. त्याच्या दारावर नातीनं चिकटवलेली चित्रं काढली, कारण हत्ती वाकडा होता. भिंतीवरचा आपला सगळ्यांचा फोटोही काढला, कारण फ्रेमचा टवका उडाला होता. आणि कळस म्हणजे, दारावरची आमच्या नावाची चिठ्ठी कळकट झाली म्हणून फाडून टाकली. नवी सुवाच्य अक्षरात लिहायची होती, ती राहिली.

तपासनीस बाई आल्या. दारावर नाव नाही, म्हणून आधी खालच्या मजल्यावर राहणाऱ्या टॅक्सीवाल्याला विचारून आल्या. तो भला माणूस. वर कोण राहतं ते नक्की ठाऊक नाही, कधी आवाजच येत नाही, असं त्यानं सांगितलं. (का येईल? कुणाला त्रास नको म्हणून आम्ही घरात कुजबुजतो.) बाईंनी न्हाणीघर पाहिलं, तिथं साबणाची नवी कोरी वडी. फ्रिज उघडला, तर आत नुसता दिवा. ओट्यावर चमचा नाही. माझा चेहरा उतरत चालला आणि तुमच्या कन्येचा फुलत चालला. शेवटी बाईंनी विचारलं, "हे घर भाड्यानं द्यायचं आहे का?" ही कौतुकाची परमावधी समजून तुमची कन्या लाजली आणि धन्यवाद म्हणाली. मग बाई दिवाणाकडे वळल्या, तशी ती झेपावून दिवाणावर जाऊन बसली आणि म्हणाली, "हे नका ना उघडू." आता सांगा, कुठला तपासनीस संशय घेणार नाही?

शेरा काय आला असेल ते ओळखलंच असेल. वास्तव्याच्या खुणा आढळल्या नाहीत. पुन्हा तपासणी होईल आणि तेव्हाही आढळल्या नाहीत तर परवाना वाढणार नाही. म्हणजे गाशा गुंडाळायचा. (तोही दिवाणात गुंडाळून तयारच आहे.)

तो कागद वाचून आम्ही आधी खूप हसलो. मग हसता हसता तुमची कन्या रडायला लागली. म्हणाली, सहा वर्षं झाली, पण अजून मी इथं पाहुण्यासारखीच राहते, कुणी बोट ठेवू नये म्हणून. भिंतीला एक खिळासुद्धा ठोकला नाही, तो फोटोपण पडद्याच्या दांडीला दोरीनं टांगला होता. चष्म्याच्या दुकानात कामाला जाते, तिथं सगळे नावाजतात, तरी रोज वाटतं की आज कुणीतरी म्हणेल, बरं, निघा आता. आई, मला हे माहीत नव्हतं. मी तिला आवरायचं वेड आहे म्हणून इतकी वर्षं चिडवत आलो. आणि तुमची नात, तिच्या सगळ्या मैत्रिणी इथल्या, पोहायला इथंच शिकली, ती कोपऱ्यातून सगळं ऐकत होती. तिनं विचारलं, "आपण इथं राहत नाही, तर मग कुठं राहतो?" मी उठून उगाच पाणी प्यायलो.

तेव्हापासून खुणा निर्माण करायचं काम मी अंगावर घेतलं आहे. पण मी खुर्चीवर शर्ट टाकतो, तर वळून बघेपर्यंत त्याची घडी झालेली असते. काल वर्तमानपत्र पसरलं, तर वाचत असलेलं पान सोडून बाकीची रद्दीत गेली. रडून झालं तरी हात थांबत नाहीत हो तिचे. असो. थोरांस नमस्कार, धाकट्यांस आशीर्वाद, बाबांच्या गुडघ्यास विश्रांती.

आपला आज्ञाधारक
(आणि सध्या घडी घालून ठेवलेला) जावई

ता. क. खरं काम लिहायचं राहिलंच. ती माझं ऐकत नाही, तुमचं ऐकेल. लहानपणापासून तिला 'आवर, आवर' म्हणालात, आता एकदाच फोन करून म्हणा, 'राहू दे गं पसारा, घर तुझंच आहे.' अशी मागणी कुठल्या जावयानं कुठल्या सासूकडे केली नसेल याची मला कल्पना आहे. पण दुसरा उपाय उरलेला नाही.

आणखी ता. क. वरचं पत्र पाकिटात घालून टेबलावर ठेवलं होतं, ते आवराआवरीत गडप झालं. आज महत्त्वाच्या कागदांच्या फाइलमध्ये सापडलं. (तिनं वाचलं का ते विचारायचं धाडस केलं नाही. पण पाकिटावर तुमचा पत्ता माझ्यापेक्षा बऱ्या अक्षरात लिहिलेला आहे.) मधल्या काळात फोनचं काम उरलं नाही, कारण बाई येऊन गेल्या. या खेपेला न कळवता! तुमची कन्या दारात गेली ती डोक्याला तेल चोपडून, वर टॉवेल गुंडाळून. दांडीवर माझी डांगरी ठिबकत होती, ओट्यावर भांड्यांचा डोंगर, आणि मी जमिनीवर आडवा. तुमच्या कन्येनं पायानं चपला ढकलत बाईंना दारातच थोपवलं. तेवढ्यात नात पुढं झाली. इथली भाषा ती आमच्यापेक्षा फर्डी बोलते. म्हणाली, "आज नका ना बघू, उद्या या. आज आम्ही इथं राहतोय."

बाई हसल्या. आत आल्या, न घडी केलेल्या कपड्यांच्या ढिगावर बसल्या, चहा घेतला आणि कपबशी तिथंच जमिनीवर ठेवून गेल्या. परवाना वाढला. तुमच्या कन्येनं मात्र बाईंना अजून माफ केलेलं नाही. माणसानं कळवून यायची काही रीत असते की नाही, असं दिवसभर चाललं आहे. काल तिनं मला खिळा आणायला सांगितला. फोटोसाठी.

शेवटचा ता. क. तुम्ही दोघं इकडे येणार येणार म्हणता, तर आता खरंच या. येण्याचा दिवस फक्त मला कळवा, तिला कळू देऊ नका. बाबांनाही निघताना विमानतळावरच सांगा, त्यांच्या पोटात काही राहत नाही. मला तुम्हाला लख्ख घर दाखवायचं नाही, ते तुमच्याकडे आहेच. आम्ही राहतो ते घर दाखवायचं आहे. दारात उभ्या राहून 'अगं बाई, केवढा हा पसारा!' असं तुमच्या तोंडून जाईलच, त्याला माझी हरकत नाही. फक्त म्हणण्याआधी चपला कुठंही काढा.