गुडघाभर, उजवा

१ सप्टेंबर, सकाळी ६.१०
आजपासून खडकावरील लाटांचा दैनिक अंदाज मी लिहिणार. ही रोजनिशी त्या कामाच्या टिपणांपुरती. खासगी भावनांना येथे जागा नाही. तशा त्या मला फारशा नाहीतही. हिला जाऊन पाच महिने झाले आणि माझी घडी उत्तम बसली आहे. जेवणाच्या वेळी दोन ताटे मांडली जातात ती निव्वळ सवयीने. दुसरे धुवावे लागत नाही, त्यामुळे गैरसोय शून्य.

वस्तुस्थिती अशी: समुद्राकडे उतरणाऱ्या पायऱ्यांपाशी लाटारोहण (म्हणजे सर्फिंग) क्लबची शेड आहे. ही तेथे फळ्या भाड्याने देत असे, आणि शेडबाहेरच्या काळ्या फळ्यावर बावीस वर्षे, रोज साडेसहाला, दिवसभराचा अंदाज लिहीत असे. किनाऱ्यापासून दोनशे मीटरवर पाण्याखाली खडक आहे. त्यावर लाट फुटते, आणि तिच्यावर उभे राहण्यासाठी चांगली शिकलेली माणसे नोकरीवर उशिरा जातात.

क्लबचे सचिव व्यवसायाने दंतवैद्य आहेत. त्यांचे म्हणणे, फळा काढून तेथे विजेवरचा स्क्रीन लावावा. आकडे उपग्रहाकडून आपोआप येतील. मी हरकत घेतली. ३० तारखेच्या वार्षिक सभेत मतदान होईल, तोपर्यंत फळा माझ्याकडे.

ठराव एकच: हिचा फळा उतरू द्यावयाचा नाही. वजनमापे खात्यात मी तेहतीस वर्षे निरीक्षक होतो. किलोमागे वीस ग्रॅमची लबाडी ज्याने नुसत्या नजरेने पकडली, त्याला समुद्र जड जाऊ नये.

२ सप्टेंबर
अंदाज: लाटेची उंची ६२ सें.मी., दोन लाटांमधील अंतर ९ सेकंद, वारा वायव्येकडून ताशी ११ कि.मी.

लांब केसांच्या एका लाटारोहकाने (मनातल्या मनात मी त्यास जटाधारी म्हणतो) विचारले, "काका, म्हणजे गुडघाभर की कंबरभर?" मी विचारले, कोणाच्या गुडघ्याएवढे? तो म्हणाला, गुडघ्याएवढे म्हणजे गुडघ्याएवढे. असल्या मापावर मी पूर्वी दुकानांना सील ठोकलेले आहे.

सायंकाळी ५. प्रत्यक्ष समुद्र: परातीतले पाणी. अकरा जण दिवसभर फळ्यांवर बसून राहिले. समुद्र उशिराने चालत असावा.

४ सप्टेंबर
तरुण पिढीतील सौजन्य लोप पावत आहे. हिच्या काळात प्रत्येक लाटारोहक मला पाहताच थांबून चौकशी करी. काका, पाठ कशी आहे? काका, झोप लागली का? एक मुलगी तर शिंकांचा आकडा विचारी. माझ्या प्रकृतीची अवघ्या किनाऱ्याला काळजी होती. आता नुसती मान हलवून जातात. दुःखात असलेल्या माणसाशी बोलावे कसे, हे त्यांना कळत नसेल. पण मी दुःखात नाही, हे त्यांना दिसावयास हवे. इस्त्रीचा सदरा घालून जातो.

६ सप्टेंबर, सकाळी ५.५०
उजव्या गुडघ्याने रात्रभर झोपू दिले नाही. अर्थात ही बाब येथे अप्रस्तुत. तीन परदेशी तक्त्यांची सरासरी काढून अंदाज लिहिला: "शांत. नवशिक्यांसाठी योग्य."

दुपारी २. डोक्यावरून जाणाऱ्या लाटा. सचिवांचा पुढचा दात खडकावर अर्धा तुटला. समाचारास गेलो. स्वतःचा दात स्वतःला बसविता येत नाही, तेव्हा ते प्रतिस्पर्धी दंतवैद्याच्या दवाखान्यात खुर्चीवर आडवे होते. तोंड उघडे असल्यामुळे त्यांनी काही दूषण दिले नाही. याचा अर्थ त्यांनी मनाला लावून घेतलेले नाही.

८ सप्टेंबर
मोठा शोध. स्वयंपाकघरातील डब्यांमागे हिच्या वह्या सापडल्या. बावीस वर्षे, रोज एक ओळ. संपूर्ण पद्धत! ही गणित शिकलेली नव्हती, परंतु शिस्त होती, हे मी नेहमीच म्हणत आलो. (तिच्यापाशी म्हणालो होतो किंवा कसे, आठवत नाही.)

नमुना: "गुडघा उजवा. कंबर धरली. शिंका ५. कुरकुर पहाटेपासून. मोजे २."

दिवसभर बसून उलगडा केला. "गुडघा उजवा" म्हणजे गुडघाभर उंचीची, उजवीकडे फुटणारी लाट. "कंबर धरली" म्हणजे नंतर कंबरभर उंची गाठून ती टिकली. "शिंका" हा एकापाठोपाठ येणाऱ्या लाटांच्या झुंडीसाठी हिचा स्वतःचा शब्द. नेमका आणि सुंदर. "कुरकुर" म्हणजे पाणी खडकावरून ओसरताना होणारा आवाज. "मोजे" हे मोजणी या अर्थी असावे, म्हणजे त्या दिवशी दोनदा मोजले.

हातात अशी खाण असताना उपग्रह कशाला हवा?

९ सप्टेंबर
नवी पद्धत: आजच्या तारखेच्या बावीस वर्षांतील नोंदी काढून त्यांचे बहुमत फळ्यावर लिहावयाचे. लिहिले: "गुडघाभर, उजवी. शिंका सात. दुपारी कुरकुर." जटाधारीने दोनदा वाचले आणि तोंड फिरवून बराच वेळ खांदे हलविले. त्यास सर्दी झाली असावी.

समुद्र: कंबरभर, डावी. लाटेने नोंदी वाचलेल्या नसतात, हे खरे.

१२ सप्टेंबर
दोष पद्धतीत नाही, मापात आहे. "गुडघाभर" हे एकक प्रमाणित केल्याशिवाय गत्यंतर नाही. टेप घेऊन शेडमध्ये गेलो. अठरा सभासद, छत्तीस गुडघे, जमिनीपासून वाटीच्या मध्यापर्यंत. सर्वांनी सहकार्य केले. काहींनी अकारण हसून. सरासरी ४९.५ सें.मी. एका सभासदाच्या डाव्या-उजव्यात दोन सें.मी. तफावत निघाली. त्यास लेखी कळविले.

माझा स्वतःचा गुडघा कालपासून सुजलेला असल्यामुळे हिशेबातून वगळला. सुजलेले माप ग्राह्य धरता येत नाही.

अंदाज: "प्रमाणित गुडघाभर." समुद्र: कालपासून खवळलेला. दोन फळ्या मोडल्या.

१५ सप्टेंबर
सचिव भेटले. नवा दात जुन्यापेक्षा पांढरा आहे. त्यांनी आदरपूर्वक सुचविले की सभेपर्यंत फळा कोरा ठेवावा. मी सांगितले, हिची पद्धत शास्त्रीय होती आणि सभेत मी ती सप्रमाण मांडणार आहे. ते काही बोलणार होते, परंतु नव्या दाताला जीभ लावून पाहू लागले.

भाषणाचा मसुदा तयार. अकरा पाने.

१९ सप्टेंबर
मेहुणी आली. हिची धाकटी बहीण. शिवणकामाचे दुकान चालविते. हिचे कपाट आवरण्यासाठी आली होती. आज सोयीचे नाही म्हणालो. याआधी चार वेळा आली तेव्हाही नव्हते.

चहा घेताना तिला वह्या व माझा उलगडा दाखविला. ती वाचू लागली. प्रथम स्मित. मग "मोजे" पाशी हसू. मग टेबलावर डोके ठेवून इतकी हसली की मी पाणी आणले. डोके वर केले तेव्हा हसू संपले होते, डोळे पुसणे मात्र चालूच होते.

"भावोजी, हा लाटेचा गुडघा नाही हो," ती म्हणाली. "हा तुमचा आहे."

मी खुलासा मागितला. तिने विचारले, ताई सकाळी उठल्याउठल्या तुम्हाला काय विचारायची? मी म्हणालो, कसे वाटते असे विचारी. आणि तुम्ही? मी सविस्तर सांगत असे. गुडघा, कंबर, झोप, शिंका, सापडत नसलेले मोजे. पंधरा-वीस मिनिटे सहज लागत. ही पूर्ण ऐकून घेई आणि मग शेडकडे जाई.

"जायची ती फळ्यावर लिहायला," मेहुणी म्हणाली. "उजवा गुडघा दुखला की मोठा समुद्र. कंबर धरली की वारा फिरणार. मोजे सापडेनात आणि तुम्ही घर डोक्यावर घेतलंत की दुपारी वादळ. म्हणायची, हवामान खातं एकीकडे आणि आमचे हे एकीकडे."

मेहुणी ब्लाउज उत्तम शिवते. समुद्रशास्त्र हा तिचा प्रांत नव्हे.

२१ सप्टेंबर
निरीक्षकाने पुरावा नाकारू नये, म्हणून वह्या पुन्हा तपासल्या. नऊ वर्षांपूर्वी मी खात्याच्या प्रशिक्षणासाठी अकरा दिवस परगावी होतो. त्या अकरा दिवसांची नोंद एकच:

"हे बाहेरगावी. अंदाज नाही. फळ्यावर 'स्वतः बघून घ्या' लिहिले."

जेवलो नाही. भूक नव्हती. मसुद्याची अकरा पाने मात्र व्यवस्थित फाडली, सारख्या आकारात.

बावीस वर्षे मी समजत होतो की ही माझी विचारपूस करते. ती रीडिंग घेत होती.

२३ सप्टेंबर, सकाळी ६
शांत डोक्याने विचार केला. परिस्थिती वाटते तितकी वाईट नाही. उलट चांगली आहे. उपकरण घरातच आहे, चालू स्थितीत आहे आणि त्याची मुदत संपलेली नाही. यापुढे थेट वापर.

पलंगाच्या कडेला बसून मोठ्याने विचारले, "कसं वाटतंय?"
उत्तर आले, "ठीक."
पुन्हा विचारले. पुन्हा ठीक.

फळ्यावर लिहिले: "ठीक." जटाधारीने विचारले, कोण ठीक?

२६ सप्टेंबर
चौथा दिवस. उपकरण बोलत नाही. मला आत्मस्तुतीची नाही तशी आत्मतक्रारीचीही सवय नाही. गुडघा दुखतो की दुखल्याचा भास होतो, हे कोणी समोर बसून विचारल्याखेरीज ठरविता येत नाही, असे निदर्शनास आले. आरशासमोर प्रयोग केला. आरशातला माणूस माझ्याइतकाच घाईत होता.

अंदाज: "कदाचित." समुद्र: नक्की.

२९ सप्टेंबर
उद्या सभा. दोन मार्ग. एक: वह्यांविषयी मौन पाळून "शास्त्रीय पद्धत" असे मोघम बोलणे, फळा वाचण्याची शक्यता. दुसरा: सत्य सांगणे, मग हिच्या बावीस वर्षांच्या लौकिकाचे हसे होणार आणि फळा जाणार. मौनच योग्य. निर्णय पक्का. सदरा इस्त्री केला.

३० सप्टेंबर, रात्री ८
सत्य सांगितले.

कसे घडले, सांगता येत नाही. उभा राहिलो आणि तोंडातून निघाले की हिचा अंदाज कोणत्याही मापनावर आधारलेला नव्हता, तो माझ्या गुडघ्यावर आधारलेला होता. त्याबद्दल हिच्या वतीने सभासदांची क्षमा मागतो. तेहतीस वर्षांत खोटे माप पुढे सरकवले नाही. हिच्या नावाने सरकवणे तर शक्यच नव्हते.

मग जटाधारी म्हणाला, "काका, ते आम्हाला ठाऊक होतं की. म्हणून तर रोज पाठीचं विचारायचो."

सर्वांना ठाऊक होते. अठराच्या अठरांना. शिंकांचा आकडा विचारणाऱ्या मुलीने खाली पाहिले. मग यंदा का विचारले नाही, असे मी विचारले. माझा आवाज सभेच्या शिस्तीस सोडून चढला असावा. शेवटी सचिव म्हणाले की काकू गेल्यावर तुमच्यापाशी येऊन लाटांसाठी गुडघ्याचं विचारणं बरं दिसेना.

मतदान: स्क्रीनच्या बाजूने पंधरा, फळ्याच्या बाजूने तीन. मी सभासद नसल्याने मला मत नाही, हे आजच समजले. तीन हातांपैकी एक सचिवांचा होता. स्क्रीन त्यांनीच सुचविला होता. कारण विचारले नाही. ते दात दाखवून हसले, एक पांढरा.

फळा दोघांनी घरी आणून दिला. स्वयंपाकघरातील भिंत मी आधीच मोजून ठेवली होती. फळा चार इंच मोठा निघाला. मोजण्यात माझी चूक झाली. सध्या जमिनीवर टेकवून ठेवला आहे.

१ ऑक्टोबर, सकाळी ६.४०
खिडकीतून स्क्रीन दिसतो. हिरवी अक्षरे. समुद्र अगदी शांत. स्क्रीनही तेच म्हणतो. उजवा गुडघा: तक्रार नाही. कंबर: नाही. शिंका: शून्य. मोजे दोन्ही सापडले.

तरीही बरे वाटत नाही. हवामानाशी संबंध दिसत नाही.

मेहुणीस फोन करावा किंवा कसे, याचा विचार अकरा वाजता करण्याचे ठरविले.

सकाळी ७.३०
केला. तिने विचारले, कसे वाटते. ठीक म्हणालो. तिने पुन्हा विचारले. मग सांगितले. पस्तीस मिनिटे लागली. कपाट आवरण्यास ती केव्हाही येऊ शकते, असेही मध्ये सांगून झाले.

सांगता सांगता शंका आली, म्हणून विचारले की ती हे लिहून घेत आहे काय.

"नाही हो भावोजी," ती म्हणाली. "सहजच विचारलं."